नाकतोड्याच्या पापण्या

माझा धाकटा भाऊ वासू जपानला गेला नाही, कारण मी एका नाकतोड्याला पापण्या काढल्या.

आमची गोव्यातल्या हरमलात गणपतीची चित्रशाळा. मूर्ती बाबा करायचे, रंग मी. वरच्या खोलीत एक जपानी चित्रकार बाई भाड्याने राहायची. त्या वर्षी ती पावसाळ्यातही राहिली, किड्यांसाठी! (आम्ही त्यांना हाकलायला धूर करायचो.) दगडावर शाईची कांडी उगाळून ती गवताचं एक पातं काढी, त्यावर एक नाकतोडा, की झालं चित्र. वासू तिच्याकडून हे शिकला. चतुर्थीनंतर त्याचं एक चित्र ती आपल्या गुरूंना दाखवायला नेणार होती. पसंत पडलं, तर वासूला तिकडे शिकायला बोलावणं येणार होतं.

ती निघायच्या आदल्या दिवशी ते चित्र चित्रशाळेतल्या मेजावर होतं. कोपऱ्यात पातं आणि नाकतोडा, बाकी कागद कोरा! आमच्याकडे कुठेही कोरी राहिलेली मूर्ती दाराबाहेर जात नाही. म्हटलं, वासू घाईत विसरला. मी आभाळ भरलं. खाली तळं केलं, तळ्यात कमळं, काठावर चार माड. नाकतोडा हिरवागार केला आणि रीतीप्रमाणे शेवटी डोळे लिहिले. बुबुळं, भुवया, पापण्या. (मनात मत्सर नव्हता, असं मी स्वतःला आजवर सांगत आलो. थोडा होता.)

बाईने चित्र पाहिलं, कमरेत वाकून नमस्कार केला आणि ते तिथेच ठेवून सामान बांधायला गेली. वासूचे सरावाचे कागद तिच्या शिस्तीप्रमाणे आधीच चुलीत गेले होते.

वासूने विचारलं, "दादा, ह्यां कोणी केलां?"

बाबांना तेव्हा विसरायला होऊ लागलं होतं. मी म्हणालो, "बाबांनी केलां असतलां."

वासू बाबांशी पुढे बोलला नाही. सात वर्षं, बाबा जाईपर्यंत. ताट वाढायचा, औषध द्यायचा, पण शब्द नाही. खरं काय ते त्याला आज, हे वाचूनच कळेल.

बाबांनी मात्र त्या दिवशी चित्र उजेडात धरून बराच वेळ पाहिलं. "हात अजून थरथरणा नाय माझो," ते खूश होऊन म्हणाले. "असलो रंग आमच्या थोरल्याक जन्मात जमाचो नाय."

तेव्हा खरं सांगायला माझं तोंड उघडलं होतं. वासूसाठी नव्हे हो, रंगासाठी!