कमी पडलेली पानं

एक्स्प्रेसरावांनी दोनशे चौऱ्याऐंशी रहस्यकथा लिहिल्या, आणि त्यांतली एकही आज त्यांना स्वतःला वाचवत नाही. नाव अर्थात छापखान्याने ठेवलेलं. महिन्याला एक पुस्तक म्हणजे एक पुस्तक, मग अंगात ताप असो की घरात लग्न. याचा त्या काळी त्यांना कोण अभिमान होता!

पुस्तक एकशेबारा पानांचं. सोळा पानांचे सात फॉर्म, पान कमी नाही की जास्त नाही. पण खुनी मेला कधीकधी एकशेआठव्या पानावरच सापडायचा. मग खिळे जुळवणारा जुळारी आतून हाक मारायचा, "साहेब, चार पानं कमी पडतायत." साहेब तिथेच कागदाच्या गठ्ठ्यावर बसून चार पानं हातावेगळी करत. इतक्या घाईत नवं काय सुचणार, डोंबल? घरचंच काहीतरी काढायचं. आईचं आजारपण त्यांनी एका दरोडेखोराच्या आईला दिलं. वडील गेल्यावर ताईने शिवणयंत्र चालवून त्यांना शिकवलं होतं, ते यंत्र बनावट नोटा छापणाऱ्याच्या बहिणीकडे गेलं. खरं सांगायचं तर त्या पुस्तकांत जिवंत असं तेवढंच होतं, आणि ते भरताड म्हणून खपलं.

ताईने आयुष्यात त्यांच्याकडे एकच गोष्ट मागितली. "इतकी लिहितोस, एक माझ्यावर लिही की. एकच, पण नीट."

"लिहितो ना. हे जरा आटोपू दे."

आटोपायला अठरा वर्षं लागली. तेही छापखान्याच्या मालकाने गाशा गुंडाळला म्हणून, नाहीतर स्वारी थांबणारी नव्हती.

मग मात्र ते इरेला पेटले. एकेक वाक्य आठवडाभर घासायचं, पसंत नाही पडलं की फाडायचं. वर्षभरात झाली एकोणीस पानं. तोवर ताईची नजर गेली होती, म्हणून एका दुपारी ती पानं घेऊन ते तिच्या खोलीवर वाचून दाखवायला गेले.

ताई भिंतीला टेकून ऐकत होती. तिसऱ्या पानावर ती हसली.

"हे झालंय रे. बनावट नोटांच्या पुस्तकात."

ते पुढे वाचू लागले.

"हेही झालंय. दरोडेखोराच्या आईला औषध पाजतात ना, तसंच्या तसं."

"तुला सगळं पाठ आहे?"

"तुझी पुस्तकं वाचायची नाहीत तर कोणाची वाचायची? एकेक दोनदा वाचलंय. खून सोडून द्यायचे मी."

एक्स्प्रेसरावांनी पानं मांडीवर ठेवली. एकोणीस पानांत त्यांनी स्वतःच आधी उष्टावलेलं नाही असं एकही वाक्य नव्हतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मग नवं काहीतरी सांग ताई. मी कधीच न लिहिलेलं."

"तू घरात होतास तोवरचं सगळं लिहून झालं. नंतरचं तुला कुठे ठाऊक आहे? माझं ऑपरेशन झालं ते लिही."

"तू तर फोनवर किरकोळ आहे म्हणालीस."

"तू विचारलंस, किरकोळ आहे ना, म्हणून हो म्हणाले. तुझी तीन पानं कमी पडतायत म्हणालास. शेजारीण दवाखान्यात सोडून गेली, येताना मी एकटीच आले. टाके ओले होते, जिना बसत बसत चढले." तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि त्याचाच त्यांना जास्त त्रास झाला. "पुढच्या महिन्यात ते पुस्तक आलं. शेवटची तीन पानं काय सुरेख उतरलीत रे. ती बहीण खिडकीत बसून भावाची वाट बघते, तो दिसत नाही, तरी ताट झाकून ठेवते. वाचून रडले मी. म्हटलं, याला आपली किती आठवण आहे."

एक्स्प्रेसरावांना ती पानं आठवली. चाळीस मिनिटांत लिहून जुळाऱ्याच्या हातात दिली होती, आणि वेळेत झाली म्हणून खुशीत छापखान्यातल्यांना चहा पाजला होता. दवाखाना तिथून दोन गल्ल्यांवर होता.