हातांची मुलाखत

ऑस्टिओपॅथी हा शब्द आमच्या घरात कुणाच्याच जिभेवर बसला नाही. वडील म्हणायचे, "हाडाचं डाक्टर व्हायचंय असं सांग ना सरळ." मी फिजिओथेरपी शिकून हिंगोलीतल्या एका दवाखान्यात काम करत होते आणि दवाखान्याच्या मागच्याच खोलीत राहत होते. नुसत्या हातांनी चाचपून शरीरातला बिघाड ओळखायचा आणि हातांनीच तो सोडवायचा, ही विद्या परदेशात वैद्यकीय कॉलेजात शिकवतात हे कळल्यावर मी अर्ज केला. मुलाखतीचं बोलावणं आलं. मुलाखत व्हिडिओवर होणार होती. त्यांनी एकच वेगळी गोष्ट मागितली होती: जिच्या पाठीला हात लावता येईल अशी एक मोठी व्यक्ती सोबत हवी.

आई यायची होती, पण तिला ताप आला. मग वडिलांनी सेनगावहून आत्याला पाठवलं. आत्या म्हणजे त्यांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून एकटीच राहायची, सोयाबीनच्या दिवसात रोजानं जायची आणि बोलायची फार कमी. लहानपणापासून मी तिला पाहत आले, पण तिच्या तोंडून एखादी जुनी आठवण ऐकल्याचं मला आठवत नाही. तिला एक मुलगी होती आणि ती लहानपणीच तापानं गेली, एवढंच मला घरातून माहीत होतं.

"म्या काय करायचं तिथं?" तिनं आल्या आल्या विचारलं.

"पालथी झोपून राहायचं, आत्या. बाकी काही नाही."

"मंग बराबर हाय. झोपायला काय लागतंय."

दुपारची वेळ होती. जवळच कुठंतरी हळद शिजत होती आणि तिचा ओलसर, मातकट वास खोलीत भरून राहिला होता. मी खिडकी लावून घेतली. आत्या तपासणीच्या टेबलावर पालथी झोपली, पदर तोंडाशी धरून. मी लॅपटॉप तिच्या डोक्याशी स्टुलावर ठेवला.

पडद्यावर दोघं होते. एक पुरुष, जो प्रश्न विचारून काहीतरी टिपून घेत होता, आणि त्याच्या शेजारी एक वयस्कर बाई. तिची नजर कॅमेऱ्याच्या जरा बाजूला होती. सुरुवातीलाच तिनं सांगितलं की तिला दिसत नाही, त्यामुळं मी जे काही करेन ते बोलून सांगावं. पुरुषानं नेहमीचे प्रश्न विचारले. हीच विद्या का, घर सोडून राहता येईल का, अवघड रुग्णाशी कसं वागाल. माझी उत्तरं पाठ होती, आणि ती पाठ असल्याचं त्यांनाही कळत असणार.

मग ती बाई बोलू लागली. "आता दोन्ही तळवे बरगड्यांवर ठेवा. दाबू नका. शोधू नका. नुसत्या थांबा."

मी थांबले. आधी सगळं ओळखीचं लागलं. राबलेल्या बाईची पाठ, दोरखंडासारखे ताठ स्नायू. मग हळूहळू एक गोष्ट ध्यानात आली. उजव्या तळव्याखाली श्वास येत-जात होता. डाव्या तळव्याखाली काहीच हलत नव्हतं. मी हात थोडा वर सरकवला, थोडा खाली. तेच. एका अंगाला माणूस झोपलेलं होतं आणि दुसऱ्या अंगाला जागं.

"काय जाणवतंय?"

"डावी बाजू श्वास घेत नाहीये," मी इंग्रजीत म्हणाले. "जुनी दुखापत वाटत नाही. दारापाशी कुणाची चाहूल लागली की आपण श्वास धरून उभे राहतो, तसं आहे हे."

हे वाक्य मी ठरवून बोलले नव्हते. पुरुषानं मान वर करून पाहिलं. बाई मात्र अगदी शांतपणे म्हणाली, "कुणाची वाट पाहते आहे ती बाजू?"

मी उत्तर जुळवायच्या आत टेबलावरून आवाज आला. पदरात दबलेला, पण स्पष्ट.

"ती आली न्हाई अजून."

आत्या चौथीपर्यंत शिकलेली. इंग्रजीतला एक शब्द तिला कळत नव्हता, आणि तोवर आम्ही तिघं सगळं इंग्रजीतच बोललो होतो.

"त्या काय म्हणाल्या?" बाईनं विचारलं. मी सांगितलं. "आणि त्यांना माझी भाषा येते?"

"नाही."

पुरुषाचं लिहिणं थांबलं होतं. मग ती बाई म्हणाली, "हात काढा आता. सावकाश. झोपलेलं मूल खाली ठेवतो तसे." मी तसे काढले. त्यानंतर त्यांनी मला काहीच विचारलं नाही. आभार मानले आणि पडदा काळा झाला.

आत्या उठून बसली, केस सारखे केले. मी चहा ठेवला आणि मग विचारलं, "आत्या, ती म्हणजे कोण? आली नाही म्हणालीस ते?"

"म्या कुठं बोलले? माजा तर डोळा लागला व्हता." ती माझ्याकडं बघत राहिली. "काहून इचारून राहिली?"

मी तिच्या हातात चहाचा कप दिला. ती अंघोळीला गेली तेव्हा डोंगरकड्याला घरी वडिलांना फोन लावला. झालेलं ऐकून ते फोन घेऊन घराबाहेर आले. मग म्हणाले, "पोरगी तापानं गेली न्हाई, बाई. हरवली. हिंगोलीच्या दसऱ्याच्या जत्रेत. आत्यानं कडेवर घेतली व्हती, गर्दीत जरा खाली ठेवली, अन् वळून बघती तर न्हाई. नांदेड, परभनी, अकोला, समदी टेसनं पालथी घातली आमी. मंग घरात ठरलं, तापानं गेली म्हनायचं. आत्याला तेवढं तरी सोपं जाईल म्हनून."

"कुठल्या कडेवर घेतली होती?"

"डाव्या," ते म्हणाले. "तू काहून इचारलं?"

दुसऱ्या दिवशी मी आत्याला डेपोत सोडायला गेले. सेनगावची गाडी लागायची होती. बाकावर बसल्या बसल्या, समोर बघतच ती म्हणाली, "काल मला सपान पडलं, तुज्या हाताखाली. कुनीतरी इचारलं, कुनाची वाट बघतीस. म्हून म्या सांगितलं."

"बाईचा आवाज होता का, आत्या? म्हाताऱ्या बाईचा?"

"न्हाई," ती म्हणाली. "लेकराचा. आन् आपल्याच बोलीत."

गाडी लागली. ती पिशवी घेऊन चढली, खिडकीशी बसली, आणि गाडी निघेपर्यंत माझ्याकडं पाहत राहिली.

मला प्रवेश मिळाला. आता त्याच बाई मला शिकवतात. त्या दिवसाबद्दल त्यांनी एकदाच विचारलं, आणि मी डेपोतलं बोलणं सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि पुढच्या विद्यार्थ्याचे हात बघायला गेल्या. आम्ही इथं एकमेकांच्या पाठींवर सराव करतो. बहुतेक पाठी नुसत्या पाठीच असतात. क्वचित एखादी थांबलेली लागते, तेव्हा मी कुणाला काही न विचारता हात उचलते.

गेल्या दसऱ्याला आत्या, मुलगी हरवल्यापासून पहिल्यांदा, त्या जत्रेला गेली. स्वतःहून जायचं म्हणाली, वडिलांना सोबत घेतलं. वडिलांनी फोनवर सांगितलं की एवढ्या रेट्यातही ती त्यांना आपल्या डाव्या बाजूनं चालू देत नव्हती. तिथं एका माणसाएवढी जागा ती धरून चालली होती, आणि गर्दीतलं कुणी त्या जागेत शिरलं नाही.

"मग?" मी विचारलं. "तिनं काही सांगितलं?"

"न्हाई. रहाटपाळना बघितला, जिलेबी खाल्ली, घरी आलो," वडील म्हणाले. "म्या इचारलं न्हाई. तूबी इचारू नको."