पास्टर फुलचंदचा हौद

फुलचंद राठोड पास्टर होण्याआधी लग्नाच्या बँडमध्ये ढोल वाजवायचा, आणि पास्टर झाल्यावरही त्याच्या अंगातली वरात काही गेली नाही. उपासनेत गाणं दुसऱ्या कडव्यावर आलं की त्याचे पाय थिरकायला लागत आणि पुढच्या रांगेतून त्याची बायको भुरीबाई डोळे वटारायची. "पास्टर हाये का नवरदेवाचा मामा?" असं ती घरी गेल्यावर विचारायची.

"मले आनंद होते तं मी काय करू?" हे त्याचं ठरलेलं उत्तर.

हा आनंद त्याला पाण्यात सापडला होता. तरुणपणी तो वाजवायचा कमी आणि प्यायचा जास्त. वणीकडच्या एका म्हाताऱ्या बॅप्टिस्ट पास्टरनं त्याचा पिच्छा पुरवला, दारू सोडवली, आणि एका सकाळी वर्धा नदीत नेऊन त्याला बाप्तिस्मा दिला. फुलचंद पाण्याखाली गेला तो गंभीर, वर आला तो हसत. काठावरचे लोक हात जोडून गीत म्हणत होते, आणि हा ओलेत्यानं त्यांच्याभोवती फेर धरून नाचायला लागला. म्हाताऱ्यानं त्याला दंडाला धरून खाली बसवलं आणि मग स्वतःच पोट धरून हसला.

पुढं फुलचंद स्वतः पास्टर होऊन कळंबजवळच्या हिवरदरीत आला. चर्च, म्हणजे त्यांच्या बोलीत देऊळ, हे नुसतं टिनाचं छप्पर आणि चार भिंती, मंडळी म्हणजे मोजकी घरं. बॅप्टिस्टांत बाप्तिस्मा द्यायचा तर अख्खा माणूस पाण्यात बुडवावा लागतो, आणि हिवरदरीचा नाला उन्हाळ्याआधीच कोरडा पडायचा. म्हणून फुलचंदनं देवळाशेजारी स्वतःच्या हातानं सिमेंटचा हौद बांधला. बांधता बांधता त्याला इतका हुरूप आला की हौद वाढतच गेला. त्याला दोन्ही बाजूंनी पायऱ्या केल्या, निळा रंग दिला. बोअरचं पाणी भरलं की अख्खी वरात आत उतरावी एवढा तो झाला. इतक्या वर्षांत त्यात बाप्तिस्म्यासाठी बुडाली ती एकटी भुरीबाईची बहीण. जाणारे-येणारे विचारत, "पास्टर, म्हशी आणू का?" त्यावर फुलचंदच सगळ्यांत मोठ्यानं हसायचा.

मग दोन हजार सतराचा पावसाळा आला. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली. बोंडअळीही तशीच माजली. फवारणारे लोक पाठीवर पंप घेऊन त्या जंगलात शिरत आणि वर मारलेलं औषध त्यांच्याच तोंडावर, मानेवर, छातीवर पडे. गावोगावचे मजूर मळमळून, गरगरून पडायला लागले.

हिवरदरीतला पहिला भावसिंग. तो बँडमध्ये झांजा वाजवायचा. फुलचंदचा जुना जोडीदार. दोन दिवस दवाखान्यात काढून गेला. फुलचंद पास्टर म्हणून नाही, झांजेवाल्याचा ढोलवाला म्हणून तिरडीला खांदा द्यायला गेला. नंतर कितीतरी दिवस तो भावसिंगच्या अंगणात नुसता बसून यायचा. भावसिंगची बायको शेवंता त्याच्यापुढं चहा ठेवी, तो पिऊन उठे. तिरडीनंतरच्या पहिल्या रविवारी उपासनेत त्याचे पाय हलले नाहीत, आणि भुरीबाईला पहिल्यांदाच वाटलं, हा नाचला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर बाबुलाल पडला. तो गावातल्या बबनरावांच्या वावरात मजुरीनं फवारत होता. त्याला यवतमाळच्या दवाखान्यात नेलं तेव्हा डोळ्यांपुढं सगळं पांढरं झालं होतं. बायको शेजारी उभी, तर तिलाच विचारत होता, "कोण हाये?"

फुलचंद रोज भुरीबाईनं बांधून दिलेलं बेसन-भाकर घेऊन यवतमाळची एसटी धरायचा. वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात नातेवाईक बसलेले असत. तो कुणाला वाढी, कुणाला चहा आणून देई, कुणी म्हटलं तर प्रार्थना करी, कुणी नको म्हटलं तर नुसतं पाणी भरून आणी. एके दुपारी वॉर्डातली तरुण डॉक्टरीण थकून त्याच्याशेजारीच बाकावर टेकली.

"काका, हे लोक तेच कपडे घालून घरी जातात, त्याच हातानं जेवतात," ती म्हणाली. "औषध कातडीतून आत जातच राहतं. शेतातून निघाल्याबरोबर कपडे काढून साबणानं भरपूर अंघोळ केली ना, तरी यातले कितीतरी इथपर्यंत आलेच नसते."

फुलचंद ताडकन उठला. "डॉक्टरबाई! माह्यापाशी हौद हाये!"

आवाज इतका मोठा होता की नर्स धावत बाहेर आली. डॉक्टरीण त्याच्याकडे बघतच राहिली. हा मात्र डबा तिथंच विसरून एसटी स्टँडकडे पळत सुटला होता.

घरी पोचल्यावर त्यानं एका दमात सगळं सांगितलं. सगळ्या गावाला हौदात उतरवायचं, साबण लावायचा, बाहेर काढायचं! भुरीबाई चुलीपुढून न उठता म्हणाली, "म्हणजे एकाच्या आंगचं जहर दुसऱ्याले लावतो का? आत कोणाले उतरवू नको. बाहेर फरशी टाक, तांब्यानं पाणी घेऊ दे. अन् सांडपाणी बोअरपासून दूर, खड्ड्यात ने."

फुलचंदनं तिला हात जोडले. "पास्टर तूच व्हायले पाह्यजे होतं."

मंडळीतल्या घरांनी साबण आणले, जुन्या लुंग्या आणल्या, सदरे आणले. शेवंताला कुणी काही मागितलं नव्हतं, पण तीही एक गाठोडं ठेवून गेली. फुलचंदनं माळ्यावरचा ढोल काढला आणि भर दुपारी गावातून वाजवत फिरला. "फवारणीवाल्यांनो, घरी जायच्या आधी आंघोळीले या! साबण आपला, पाणी आपलं!"

संध्याकाळी कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी आले ते बबनराव, आणि त्यांच्यामागं अर्धं गाव. बबनराव म्हणजे मोठे शेतकरी, मारुतीच्या देवळाचे कारभारी, आवाज असा की बैल थांबावेत.

"काहून रे फुलचंद, गाव बाटवून राह्यला का तू?"

"मी?"

"हौद कायचा हाये हे सगळ्याले ठावं हाये. माणसं पाण्यात घालाची अन् नाव बदलाचं! आमाले काय येडं समजतं का?"

फुलचंदनं एकदा हौदाकडे, एकदा फरशीवरच्या तांब्यांकडे पाहिलं. मग त्याच्या चेहऱ्यावर, कित्येक आठवड्यांनी, ते जुनं हसू फुटलं. "बबनराव, आमच्यात तांब्याचं चालतच नाही."

"काय चालत नाही?"

"तांब्यानं आंगावर ओतलं तं बाप्तिस्मा होतच नाही! आमी बॅप्टिस्ट. आमच्यात अख्खा माणूस बुडवा लागते, डोक्यावरून पाणी गेलं पाह्यजे. अन् त्याच्या आधी त्यानं स्वतःच्या तोंडानं, चार लोकांपुढं कबूल करा लागते. न विचारता कोणाचा होत नाही, न बुडवता कोणाचा होत नाही. म्हणून तं मी फरशी बाहेर टाकली. इथं तुमी वर्षभर आंघोळ करा, जसे आले तसेच घरी जासान!"

लोक एकमेकांकडे बघायला लागले. मागून एकानं विचारलं, "अन् चुकून आत पडला तं?"

"चुकून पडल्यानं होत असतं तं गावच्या म्हशी आतापर्यंत बायबल वाचत असत्या!"

गर्दीत एकच हशा पिकला. बबनराव हसले नाहीत. "पाह्यतो," एवढंच म्हणून वळले. पण त्या संध्याकाळी वावरातून परतताना पाच-सहा जण दबकत आले. एकानं तांब्या उचलण्याआधी पुन्हा खात्री केली, "पास्टर, तांब्यानं होत नाही ना?" दुसऱ्या दिवशी वीस आले. आठवडाभरात फरशीवर जत्रा भरायला लागली. कोणी साबणाच्या फेसात गाणी म्हणे, कोणी दुसऱ्याची पाठ घासता घासता गुदगुल्या करी, आणि फुलचंद मध्ये उभा राहून ओरडे, "कानामागं! मानंवर! नखात!"

मग तो दिवस आला. बाबुलाल दवाखान्यात असल्यानं बबनराव स्वतः वावरात उभे राहून औषध कालवत होते. पंपाची नळी सुटली आणि फवारा थेट त्यांच्या छातीवर आला. माणूस घाबरला. आवाजानं बैल थांबवणारे बबनराव धोतर सावरत, बोंबलत, वावरातून फुलचंदच्या देवळाकडे पळत सुटले. फरशीवर माणसं होती, तांबे होते, साबण होता. पण बबनरावांना काही दिसलं नाही. ते निळ्या पायऱ्यांवरून जे धावले ते थेट हौदात. धप्प! पागोट्यासकट डोक्यावरून पाणी.

सगळे थिजले. बबनराव फुसफुसत वर आले, डोळ्यांवरचं पाणी निपटलं, आणि त्यांच्या तोंडचा पहिला शब्द होता, "फुलचंद! हे बाप्तिस्म्यात धरलं का?"

"तोंडानं कबूल केलं काय?"

"नाही! नाही केलं! तुमी सगळे ऐका रे, नाही केलं!"

"मंग नाही झालं! निघा बाहेर, साबण लावा!"

आधी भुरीबाईला हसू फुटलं, मग फरशीवरच्या फेसाळलेल्या माणसांना, आणि शेवटी साबणात न्हालेल्या बबनरावांना स्वतःलाच. हसता हसता त्यांना ठसका लागला. फुलचंदनं त्यांचे डोळे धुतले, पाणी बदलून पुन्हा पुन्हा धुतले. कोरडे कपडे शोधले तर सगळे संपलेले. उरलं होतं फक्त शेवंताचं गाठोडं. ते सोडलं तर आत भावसिंगचा बँडचा लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालरी, पितळी बटणं.

बबनराव तो कोट आणि लुंगी घालून, कुठं मळमळतंय का हे बघत देवळातल्या खाटेवर बसले, आणि तासाभरानं जीपनं दवाखान्यात दाखवून आले. डॉक्टरांनी धोका नाही म्हणून सांगितलं. परतताना ते लाल कोटातच शेवंताच्या दारात गेले. आभार मानायला हात जोडून उभे राहिले. शेवंतानं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. तिचा हात तोंडावर गेला. आधी ती खुदकन हसली, मग रडली, मग दोन्ही एकदमच करायला लागली.

"राहू द्या आंगावर," ती म्हणाली. "त्याले आवडलं असतं."

हौदाचं सगळं पाणी खड्ड्यात सोडावं लागलं. दुसऱ्या दिवशी ते भरायला बबनरावांचा टँकर आला. आसपासच्या गावांतून बोलावणी यायला लागली. फुलचंद जाऊन फरशी कुठं टाकायची, खड्डा कुठं खणायचा ते सांगून यायचा. मंडळीत एकही घर वाढलं नाही. भुरीबाईच्या बहिणीनंतर हौदात अजून कोणी बुडालं नाही, बबनराव सोडून. त्याचं फुलचंदला वाईट वाटत नव्हतं. त्या मोसमात हिवरदरीतून परत कोणाला उचलून न्यावं लागलं नाही, याचा आनंद मात्र त्याच्या पायांत मावत नव्हता.

दिवाळीच्या तोंडावर बाबुलालला घरी सोडलं. त्याला आणायला फुलचंद गेला. एसटीत बाबुलाल खिडकीशी बसला आणि गाडी यवतमाळातून बाहेर पडताच त्यानं दुकानाची पाटी वाचली. "गजानन ऑटो पार्ट्स!" मग पुढची. "ताजी जलेबी मिळेल!" मग त्याला थांबताच येईना. "येथे वेल्डिंग करून मिळेल! वळण आहे, सावकाश जा! सुस्वागतम!" शाळा सातवीत सोडलेला माणूस, काही अक्षरं अडखळत होती. अडखळला की फुलचंद शेजारून ओरडून पुरी करायचा. पुढच्या बाकावरच्या बाईनं वळून विचारलं, "याले काय झालं?"

"दिसून राह्यलं, बाई!" फुलचंद म्हणाला.

ती बाई बाकावर पुरती मागं फिरून बसली. मग खिडकीबाहेर बोट करून म्हणाली, "मंग ते वाच नं भाऊ, त्या ट्रकवरचं!" कळंब येईपर्यंत अर्धी एसटी बाबुलालला पाट्या दाखवत होती.