माझ्या उवा, तिची वेणी

माझी मावसबहीण गेली. तिचा दहावा डाळजला, तिच्या सासरच्या गावी, धरणाच्या पाण्याकडेला झाला. विधी आटोपून घरी आल्यावर आम्ही बायका पडवीत बसलो होतो. तिच्या लेकीने एक गोष्ट सांगितली आणि सगळ्या डोळे पुसतापुसता हसल्या.

"आई लहानपणी लई वांड होती म्हणं. डोक्यात उवा झाल्या तर आजीला म्हणाली, रोज रोज फणी कोण सोसणार, काप केस! आजीनं कापले. तवापासनं शाळा सुटली ती सुटलीच. आई म्हणायची, बरं झालं, पाढ्यातनं सुटले."

ही गोष्ट मी बहिणीच्याच तोंडून अनेकदा ऐकली होती. लग्नात, बारशात, कोणी चार माणसे जमली की ती सांगायची. सांगताना माझ्याकडे कधी बघायची नाही. मीही खाली मान घालून हसायचे. त्या दिवशी मात्र मला हसता आले नाही, कारण त्या उवा माझ्या होत्या आणि केस कापताना ती म्हणाली होती ते अगदी उलटे होते.

तेव्हा पन्नासचे दशक सरत आले होते. आमच्या कळसला मुलींना चौथीपर्यंतच शिकता येत होते. पुढे शिकवायचे तर बारामतीला ठेवायला हवे होते. आई मागे लागली, तिथल्या मावशीने निरोप धाडला आणि वडील नाइलाजाने तयार झाले. मला मावशीच्या दारात उतरवताना बैलगाडीवरूनच ते म्हणाले, "मावशीला जरा जरी तरास झाला तर गाडी जुपून न्यायला येतो. ज्वारी काढायला माणूस लागतंच घरी."

मावशीचे घर कालव्याच्या अंगाला, दोन खोल्यांचे. काका शिंपी होते. बाहेरच्या खोलीत त्यांचे शिवणयंत्र चाले आणि आतल्या खोलीत आमचा संसार. मावसबहीण चौथीत होती. माझ्याहून एका वर्षाने लहान. तिची वेणी कमरेखाली पोचायची. माझी उंदराच्या शेपटीएवढी. आम्ही दोघी एका गोधडीत झोपायचो. शाळेतून आणलेले गोष्टीचे पुस्तक मी वाचायचे आणि तिने ऐकायचे, असा आमचा परिपाठ होता. चिमणीच्या उजेडात चित्रे दिसावीत म्हणून ती तिचे डोके माझ्या डोक्याला अगदी चिकटवून ठेवायची.

दिवाळीच्या सुटीत मी कळसला गेले. तिथे घरातली सगळी पोरे एका वाकळेखाली निजायची. परत आले ते डोक्यात उवा घेऊनच. मला खाज सुटत होती, पण मी बोलले नाही. पुस्तक संपायचे होते.

पुढे एके दिवशी शाळेत बाईंना माझ्या बहिणीच्या भांगातून ऊ चालत जाताना दिसली. त्यांनी तिचे डोके पाहिले, मग मला बोलावून माझेही पाहिले आणि दोघींना दप्तरासकट घरी पाठवले. "डोकी साफ झाल्याबिगर वर्गात यायचं नाही."

मावशीने दोघींना मागच्या दारात उन्हात बसवले. माझे केस उसकटून पाहिले आणि म्हणाली, "अगं बया, ही काय पेरणी केलीय का काय?" मग आवाज खाली आणून मला म्हणाली, "कळसला कळता कामा न्हाय. तुझा बाप उद्याच्याला दारात हुबा ऱ्हाईल."

शेजारणीला मात्र लगेच कळले. त्याच सुमारास हिवतापाची फवारणी करणारे लोक गल्लीत येऊन भिंती पांढऱ्या करून गेले होते. शेजारणीने त्यांच्याकडून थोडी पावडर मागून ठेवली होती.

"चिमूटभर चोळा की डोक्याला. सकाळी झाडून टाकायच्या."

"व्हय, आन् पोरीबी झाडून टाकायच्या!" मावशी म्हणाली. "फवारा मारल्यापासनं तुमचं मांजर कुठं हाय, वन्सं?"

शेजारीण पावडर घेऊन निघून गेली.

मावशीचा उपाय होता कष्टाचा. संध्याकाळी करंजाचे तेल केसांच्या मुळापर्यंत मुरवायचे आणि डोके फडक्यात घट्ट बांधून निजायचे. त्या तेलाचा वास इतका उग्र की काका म्हणायचे, घरात दोन दिवट्याच झोपल्यात. सकाळी कडुनिंबाचा पाला उकळलेल्या कोमट पाण्याने आणि शिकेकाईने डोके धुवायचे. केस ओले असतानाच मावशी मांडीवर जुने पांढरे धोतर पसरून फणी घ्यायची. बटेमागून बट, कानामागून मानेपर्यंत. धोतरावर पडलेली ऊ दोन अंगठ्यांच्या नखांत सापडली की टच् असा आवाज यायचा. उवा तेलाने गुंगतात, पण लिखा केसाला चिकटून राहतात. त्या बोटांच्या चिमटीत धरून एकेक ओढून काढाव्या लागत. एका डोक्याला सकाळ जायची, दुसऱ्याला दुपार. स्वयंपाक, धुणे, काकांच्या काजे-बटणांचे काम हे सगळे त्यातूनच. गोधड्या, उशांचे अभ्रे, आमची झंपरे तिने उकळून काढली.

डोकी साफ झाली. आम्ही शाळेत गेलो. थोड्याच दिवसांत पुन्हा दोघींना घरी पाठवले गेले.

मावशीने पुन्हा पहिल्यापासून सुरू केले. पुन्हा साफ झाली आणि पुन्हा झाल्या. तोवर वार्षिक परीक्षा जवळ आली होती. बाईंनी निरोप पाठवला की आता पुन्हा असे झाले तर मुलींना परीक्षेला बसता येणार नाही.

त्या दुपारी काका यंत्र थांबवून आत आले. "अगं, एकीच्या डोक्यातनं काढतीस, तवर दुसरीच्या डोक्यातनं परत येत्यात. मोठीला कळसला पोचवून येतो. हिचं तरी डोकं हुईल साफ."

"आन् ती परत येईल का?" मावशीने विचारले.

मी परत येणार नाही हे घरातल्या सगळ्यांनाच माहीत होते.

मावशीने हातातली फणी खाली ठेवली. मग म्हणाली, "दोन डोकी मला आवरत न्हाईत. एक आवरंल." ती बाहेर गेली आणि काकांची कापड कापायची कात्री घेऊन आली.

माझ्या बहिणीने वेणी दोन्ही हातांनी छातीशी धरली. "ताईचे काप की! तिच्या डोक्यातल्या हायेत. माझ्या न्हाईत!"

"ती लोकाची लेक हाय," मावशी म्हणाली. "लोकाच्या लेकीला बोडकी करून कशी धाडू? माझं मी निस्तरीन."

मी दारात उभी होते. "मावशी, माझे कापा," असे मी म्हणायला हवे होते, हे मला फार उशिरा सुचले. त्या क्षणी मला फक्त एवढेच वाटले, की आता आपल्याला कळसला जावे लागणार नाही. आणि बरे वाटले.

मुलीच्या जातीचे केस तेव्हा असे कोणी कापत नसे. नवरा मेलेल्या बाईचेच डोके तसे असायचे. बहीण पदरासारखी ओढणी डोक्यावर घेऊन शाळेत गेली. मधल्या सुटीत पोरींनी तिची ओढणी ओढली आणि विचारले, "बोडके, नवरा कधी मेला गं तुझा?" ती तशीच घरी आली. दुसऱ्या दिवशी उठलीच नाही. मावशीने समजावले, मारलेही. "केस वाढल्यावर जाईन," एवढेच ती म्हणायची. परीक्षा तिच्याशिवाय झाली. केस वाढेपर्यंत तिच्या पाठीवर भाऊ झाला होता आणि त्याला सांभाळायला कोणीतरी हवेच होते.

मी परीक्षा दिली. पास झाले.

पण त्याआधी, केस कापल्यानंतर काही दिवसांनी, एक गोष्ट घडली. आईने मला मेंढीच्या लोकरीची काळी आगवळ वळून दिली होती, वेणी बांधायची जाड दोरी. बहिणीला ती फार आवडायची म्हणून आम्ही आळीपाळीने घालायचो. एक दिवस ती, एक दिवस मी. रात्री ती खुंटीला असायची. माझे डोके त्याच सकाळी साफ झाले होते. मावशीने सहज ती आगवळ उजेडात धरली आणि तिचे पीळ सोडवले. लोकरीच्या आत ऊ चालत होती.

मावशी म्हणाली, "गोधड्या उकळल्या गं मी. उशा उकळल्या. ही न्हाय उकळली. थोरलीनं हातानं वळलेली, उकळली की लोकर आटंल म्हणून न्हाय उकळली."

तिने ती चुलीत टाकली. घरभर लोकर जळल्याचा वास सुटला. बहीण बाहेरच्या खोलीतून ओरडली, "काय जळतंय गं?"

"चिंधी," मावशी म्हणाली आणि माझ्याकडे पाहिले. केस कापायची गरज नव्हती, हे बहिणीला आम्ही दोघींपैकी कोणीच कधी सांगितले नाही. मावशी मेली तेव्हा ते सांगणारी मी एकटीच उरले, आणि मीही सांगितले नाही. आता ऐकायला तीच नाही.

पडवीतल्या बायका उठून गेल्यावर मी तिच्या लेकीला जवळ बसवून हे सगळे सांगितले. तिने वेणी कशी धरली होती तेही. मला वाटले, आता ही मला बोलेल.

"ताईमावशी," ती म्हणाली, "माझ्या डोक्यात उवा झाल्या हुत्या तवा बाईंनी मला घरी धाडलं हुतं. आईनं मला धरून तशीच माघारी नेली. बाईंना म्हणली, मी रोज फणी घालते, रोज तेल लावते, कात्री न्हाय लावणार. तुमी तिला मागं बसवा, वायली बसवा, दाराबाहेर बसवा, पन शाळंत बसवा. बाई तयार हुईनात. आई वर्गाच्या दारात बसून ऱ्हायली, दिवसभर. शेवटी बसू दिलं."

"आणि मग?"

"मग काय. महिनाभर मागं बसले. पास झाले."

ती चहा टाकायला आत गेली.

मी इंदापूरला शिक्षिका होते, निवृत्त होईपर्यंत. वर्गात एखाद्या मुलीच्या डोक्यात उवा दिसल्या तर मी तिला घरी पाठवत असे. कधी ओरडून नाही, हळू आवाजात, पाठीवर हात ठेवून. पण पाठवत असे. त्यातल्या किती जणी परत आल्या, हे मी कधी पाहिले नाही.