टपालगाडीचा फळा

माझ्या सासूबाईंना टपालाच्या लाल गाडीनं उडवलं ते भर दुपारी. कारखान्यात विड्या देऊन, रिकामं सूप काखेत मारून त्या घरी येत होत्या. गाडीला स्टेशनावर मेल गाठायची घाई होती. वळणावर गाडीचा धक्का लागला आणि त्या कडेच्या खडीत जाऊन पडल्या. पाय गुडघ्याखाली मोडला.

ड्रायव्हर पळाला नाही, हे आधी सांगते. त्यानं त्यांना उचलून टपालाच्या थैल्यांवर निजवलं आणि गाडी स्टेशनाऐवजी सरळ दवाखान्यात नेली. मी धावत पोचले तेव्हा तो दाराशी उभा होता. चाळिशीचा, दाढीवाला माणूस. चेहरा पांढराफटक पडलेला.

"चूक माझी हाय, बाई," तो म्हणाला. "अम्मा शुद्धीवर आल्या की सांगा."

या गाड्या एका कंत्राटदाराच्या होत्या. दुसऱ्या दिवशी माझे यजमान यंत्रमागावरची पाळी बुडवून त्याच्या कचेरीत गेले. तिथला मॅनेजर मान वर न करता म्हणाला, "आमची गाडी त्या रस्त्यानं गेलीच नाही. पंक्चर झाली म्हणून मेल चुकली. तुमच्या आई पायरीवरून पडल्या असतील."

हे घरी येऊन सांगितलं तेव्हा सासूबाई प्लॅस्टरमधला पाय उशीवर ठेवून पडल्या होत्या. तोवर त्या एकदाही कण्हल्याचं मी ऐकलं नव्हतं. आता मात्र त्या कोपरावर उठल्या.

"पडले? मी पडले नाही. मला पाडलं!"

आम्ही घरात तेलुगू बोलतो. ते वाक्य मी इथं मराठीत लिहिते आहे, पण त्यातली आग काही कागदावर उतरत नाही.

कारखान्यातल्या बायका त्यांना बघायला येऊ लागल्या. कुणी केळी आणी, कुणी नुसतीच येऊन विडीची पानं कातरत बसे. आणि बसल्या बसल्या एकेकीच्या तोंडून गोष्टी निघू लागल्या. एकीचा खांदा अशाच टपालगाडीनं निखळला होता. एकीच्या नवऱ्याची सायकल चिरडली होती. प्रत्येकीला एकच उत्तर मिळालं होतं, आमची गाडी नव्हतीच. प्रत्येकीला वाटत होतं, आपल्याच बाबतीत असं झालं.

"म्हणजे काय," सासूबाई म्हणाल्या, "गावात अपघात होतात आणि गावालाच ठाऊक नाहीत?"

आमच्या वॉर्डाचे नगरसेवक धान्याचे व्यापारी होते. घरात कानडी, दुकानात मराठी. आम्ही दहाबारा बायका त्यांच्या दुकानासमोर जाऊन उभ्या राहिलो. सासूबाईंना यजमानांनी हातगाडीवर बसवून आणलं होतं. नगरसेवकांनी सगळं ऐकून घेतलं आणि नकारार्थी डोकं हलवलं.

"अक्का, टपाल म्हंजे दिल्लीचं खातं. तितं आपलं काय चालतंय?"

आम्ही परतलो. मला वाटलं, संपलं. पण त्या आठवड्यातच ते स्वतः आमच्या खोलीत आले, चप्पल बाहेर काढून जमिनीवर बसले. चेहरा खुललेला.

"मला झोप न्हाय बघा. दिल्लीचं खातं ऱ्हाऊ दे तिकडं. रस्ता आपला, दवाखाना आपला, वॉर्ड कचेरीची भिंत आपली. मी ठराव मांडतो. शहरात टपालगाडीचा अपघात झाला, की कुटं झाला, कसा झाला, कुणाला लागलं, ते वॉर्ड कचेरीच्या फळ्यावर लिहायचं. येणारा-जाणारा वाचंल. मग कोण म्हणतंय बघू, गाडी गेलीच न्हाय!"

सासूबाईंनी त्यांना चहा घ्यायला लावला, आणि तोही स्वतः उठून करायला निघाल्या तेव्हा मी त्यांना धरून बसवलं.

साक्षीचा प्रश्न मात्र होता. मी ड्रायव्हरच्या घरी गेले. त्याची बायको दारात उभी राहिली, आत घेईना. तो मागून आला.

"भाई, सभेला याल?"

"लेकरं हायत, बाई. मालक दुसऱ्या दिवशी काढंल मला."

मी परत फिरले. त्याचं खोटं नव्हतं.

सभेच्या दिवशी महापालिकेच्या प्रेक्षकांच्या बाकांवर आमच्या बायकांशिवाय कुणीच नव्हतं. विड्यांचं काम सोडून आल्या होत्या सगळ्या. सासूबाई कुबड्या घेऊन जिना चढल्या, कुणाला हात लावू दिला नाही. ठराव मांडला गेला, आणि समोरच्या बाजूचे एक सभासद हसत उभे राहिले.

"कुठला अपघात? कुणी पाहिला? बायकांच्या गप्पांवर आपण नियम करायचे का?"

आमच्या मागून आवाज आला. "मी पाहिला, साहेब."

वळून पाहिलं तर दाराशी तो उभा. खाकी सदरा, हातात टोपी. केव्हा आला, कळलंच नाही.

महापौरांनी घंटा वाजवली. प्रेक्षकांनी बोलायचं नसतं, असं ते म्हणाले. तो बोलतच राहिला.

"गाडी मीच चालवत होतो. अम्माला मी दवाखान्यात नेलं. मला सांगितलं, पंक्चर म्हण. मी म्हटलं. आता म्हणत न्हाय."

घंटा पुन्हा वाजली नाही. मग आमच्या नगरसेवकांनी हात वर केला, त्यांच्या शेजाऱ्यानं केला, आणि बघता बघता हातच हात. हसणाऱ्या सभासदांनीही शेवटी केला, जरा उशिरानं.

खाली अंगणात आलो आणि बायकांनी असा गलका केला, की रस्त्यापलीकडच्या हॉटेलातली माणसं बाहेर येऊन बघू लागली. सासूबाईंनी ड्रायव्हरला जवळ बोलावलं, त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तो हुंदके देऊन रडला. मालकानं त्याला काढलंच. पण नगरसेवकांच्या ओळखीनं टेंभुर्णीच्या एका ट्रकमालकानं त्याला आनंदानं ठेवून घेतलं. खरं बोलणारा ड्रायव्हर कुठं मिळतो, असं तो मालक म्हणाला म्हणे.

फळा लागला त्या दिवशी कारकून म्हणाला, ठरावाच्या आधीचे अपघात यात बसत नाहीत. नगरसेवक शेजारीच उभे होते. "लिही रे," एवढंच ते म्हणाले. कारकुनानं खडू उचलला. मी सातवीपर्यंत शिकलेली. मोठ्यानं वाचून दाखवलं: टपालगाडीच्या धडकेनं एक विडी कामगार महिला जखमी, पाय मोडला, चूक गाडीची.

"पुन्हा वाच," सासूबाई म्हणाल्या.

मी पुन्हा वाचलं. मग तेलुगूत सांगितलं. त्या घरी यायला तयार होईनात. बाजारातून येणारी माणसं पिशव्या खाली ठेवून फळा वाचत होती, आणि कुबड्यांवर रेलून सासूबाई एकेकाला आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत सांगत होत्या, "नाव न्हाय लिवलं. ती बाई म्हंजे मी!"