नवरा असल्याचा पुरावा

“प्रोसेसमधी हाय.”

कुणी काहीही विचारलं की तो शर्टाच्या खिशावर, म्हणजे आतल्या मोबाइलवर, हलकेच हात ठेवायचा आणि एवढंच म्हणायचा. “काय मग, कॅनडाला कवा जायलाव?” “प्रोसेसमधी हाय.” “बायकू काय म्हणती?” “प्रोसेसमधी हाय.” पुढे पुढे लोक विचारायचेच थांबले. तरी कुणी ओळखीचं समोरून आलं, की त्याचा हात आपला खिशाकडे जायचा.

गंगाखेडला आमच्या घराला लागून रक्त तपासायची लॅब आहे. तिथे तो टेक्निशियन होता. मी शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली. दर महिन्याला साखर तपासायला त्याच्याकडे जायची. त्याचा हात इतका हलका, की सुई टोचून निघाली तरी माणूस डोळे घट्ट मिटून बसलेलाच असायचा. मग तो म्हणायचा, “उठा बाई, झालं कवाच.”

त्याची बायको देवगाव फाट्याकडची. बी. फार्म. झालेली, आणि त्याच्याहून हुशार. हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा. लग्नाला दीड वर्ष झालं तेव्हा दोघांनी ठरवलं, की तिनं कॅनडात जाऊन शिकायचं. शिक्षण झालं की तिला तिथं कामाचा परवाना मिळतो, आणि तिच्या परवान्यावर नवऱ्यालाही. एजंटनं हे सगळं एका कागदावर बाण काढून समजावलं होतं. तो कागद त्यानं मलाही दाखवला. बाण फार सरळ होते.

ती तिकडे जाऊन शिकत असतानाच त्यानं एकदा स्वतःच्या व्हिसासाठी अर्ज करून पाहिला. तो नाकारला गेला. पत्र घेऊन माझ्याकडे आला. “मला समजलंय, बाई. पण तुमच्या तोंडून ऐकलं की पक्कं होतं.” मी वाचलं: मुदत संपल्यावर तुम्ही मायदेशी परत जाल याची आमची खात्री पटत नाही. तो हसला. “खात्री तर मलाबी न्हाई.”

ती पास झाली त्या दिवशी त्यानं लॅबमध्ये पेढे वाटले. उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्यांच्याही हातावर पेढा ठेवला, आणि एक आजोबा तो खाऊन मोकळे झाले. डॉक्टर त्याला खूप बोलले. तो मान खाली घालून ऐकत होता आणि तरी हसत होता. नंतर कित्येक महिने मी त्याला तसं हसताना पाहिलं नाही.

तिला परवाना मिळाला आणि थोड्याच दिवसांत नियम बदलला. जोडीदाराला परवाना हवा, तर जो तिथं आहे त्याचं काम ठरावीक यादीतलं पाहिजे. ती एका बेकरीच्या काउंटरवर उभी राहत होती. काउंटर यादीत नव्हतं.

अशी वाट बघणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांचं रोजचं जगणंच पुढे ढकललेलं असतं. त्याची एक दाढ दुखायची, ती त्यानं काढली नाही. उन्हाळ्यात खोलीतला पंखा बिघडला, तो बदलला नाही. “जायचंच हाय की आता,” म्हणायचा आणि गालावर हात धरून नळ्यांवर नावं चिकटवत बसायचा. गावाकडे ऊस बघणारा त्याचा थोरला भाऊ अधूनमधून यायचा आणि चारचौघांत म्हणायचा, “नवरा बायकूला घिऊन जातो. इथं बायकू ह्याला न्यायलीय, अन् तेबी जमंना.” लोक हसायचे. तोही त्यांच्याबरोबर हसायचा.

मग तिला औषधांच्या दुकानात मदतनिसाचं काम मिळालं. ते यादीत बसत होतं. पण तिच्या परवान्याचे निदान सोळा महिने शिल्लक असावेत, असाही नियम होता. तिच्याकडे सतरा उरले होते. म्हणजे सगळे कागद जमवायला हाताशी एक महिना. त्यात एजंट म्हणाला, तुम्ही इतकी वर्षं वेगळे राहताय, तेव्हा लग्न खरं असल्याचा भरपूर पुरावा लावा.

एका दुपारी तो माझ्या ओसरीवर छापील कागदांचा गठ्ठा घेऊन बसला. दोघांचे मोबाइलवरचे निरोप होते. मान वर न करता म्हणाला, “बाई, ह्यात परेमाचं कायच न्हाई.”

खरंच नव्हतं. जेवलास का. हो. काय. खिचडी. तू? ब्रेड. दाढ? बरी हाय. पानंच्या पानं तेच. तिचं ‘झोपते आता’ यायचं तेव्हा इथं हा लॅबचं शटर वर करत असायचा. मी उलटत गेले आणि एका पानावर थांबले. तिनं लिहिलं होतं, ‘बास झालं. मी परत येते.’ त्यानं उत्तर दिलं होतं, ‘येऊ नको. लोक काय म्हणतील.’ पुढे अकरा दिवस काही नाही. मग पुन्हा, जेवलास का.

“हे पान काढून टाकू का?” त्यानं विचारलं.

“राहू दे. अकरा दिवस असं नवरा-बायकोच गप्प राहतात.”

तो बराच वेळ कागदाची कड दुमडत राहिला. “मी लोकांचं नाव पुढं केलं, बाई. लोकांचं काय न्हाई. मलाच जायचं होतं. ती आली असती तर माझं जाणं संपलं असतं. तिला तिकडं एकटीला लय जड जायलं होतं, ते मला दिसत होतं. तरी मी येऊ नको म्हणलो.”

“तिला सांगितलंस हे?”

“न्हाई.”

“मग अर्जाच्या आधी सांग.”

त्यानं सांगितलं की नाही, मी विचारलं नाही. दोन दिवसांनी आला तेव्हा डोळे सुजलेले होते आणि म्हणाला, “लिवा बाई तुमचं पत्र.” ओळखीच्या माणसाचं एक पत्र लागत होतं. मी लिहिलं, की ती इथं असताना रोज संध्याकाळी लॅब बंद होईपर्यंत समोरच्या पायरीवर वाचत बसायची, आणि मग दोघं एका गाडीवर घरी जायची. मी पाहिलं होतं ते एवढंच.

उत्तर यायला बरेच आठवडे लागले. भर दुपारी तो दारात उभा राहिला. “आलं,” म्हणाला. मी पत्र वाचलं, पुन्हा वाचलं. परवाना मंजूर.

“बाई, आता आनंद व्हायला पायजे ना?”

“होईल. बस जरा.”

मी पाणी आणायला आत गेले. बाहेर आले तर तो खुर्चीतच झोपला होता, तोंड उघडं, पायात चपला तशाच. तीन तास झोपला. मी दार लोटून घेतलं आणि त्याला शोधायला आलेल्या दोघांना परत पाठवलं.

तो गेला त्याला आता वर्ष होत आलं. परवा संध्याकाळी त्याचा फोन आला. तिकडे सकाळ होती. तो गोदामात खोकी भरायचं काम करतो. इथली लॅबची कागदपत्रं तिथं चालत नाहीत, परीक्षा द्यावी लागेल, म्हणाला. आवाज थकलेला होता.

“दोघं एका घरात आहात ना पण?”

“हाव. माझी रातपाळी असती. मी येतो तवा ती कामाला निघती. दारात भेट होती.”

“किती वेळ?”

“धा मिन्टं. बस लवकर आली तर पंधरा.” बसमधून उतरून तो चालत होता, धाप लागत होती. मध्येच थांबला. “उभी हाय, बाई. खाली येऊन उभी हाय.”

फोन बंद करायचं त्याला सुचलं नाही. बर्फावरून पळणाऱ्या बुटांचा आवाज मला बराच वेळ ऐकू येत होता.