मिशी आणि मडगार्डवरच्या तिघी

त्या काळी माझी मिशी चौक गावापासून कर्जतपर्यंत ओळखली जायची. तीच पैजेवर लावण्याइतका मी गाढव होतो, हे आधीच सांगून टाकतो.

आमच्याकडे नवाकोरा ट्रॅक्टर आला होता. शेजारच्या वाडीतल्या एका शेतकऱ्याचा जुना, दम्यासारखा खोकणारा. भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात दोन्ही ट्रॅक्टर तोंडाला तोंड लावून उभे करायचे, मध्ये जुना टायर ठेवायचा आणि ढकलायचं. जो मागे सरकेल त्याने तिथेच मिशी उतरवायची. न्हावी धोकटी घेऊन बांधावर हजर!

मी बैलगाड्यांच्या शर्यतीत वाढलेला. गाडी हलकी तर जोडी पळते, एवढं पक्कं ठाऊक. म्हणून मागच्या चाकांची लोखंडी वजनं उतरवली. टायर खोबरेल चोळून नवरदेवासारखे चकाकवले.

तिकडून तो गडी आला तो एका मडगार्डवर सासूला आणि दुसऱ्यावर तिच्या दोन जावांना बसवून. तिघीही चांगल्या भरभक्कम.

"भाऊ, पैजेला आलात का वऱ्हाड घेऊन निघालात?" मी ओरडलो.

"तू हाक रं तुजा," सासूबाई पदर खोचत म्हणाल्या. "आमी बसून बगतो."

शिट्टी झाली. माझं इंजिन काय गरजलं! चाकं गरागरा फिरली, ढेकळं उडाली, धूळ माझ्याच तोंडात. आणि तो म्हातारा ट्रॅक्टर खोकत खोकत, मुंगीच्या चालीने, मला पार बांधापर्यंत घेऊन गेला.

मला काही उमजेना. ताकद माझी जास्त, चाकं माझी जास्त फिरली, ओझं सगळं त्याच्यावर. मग मागे मी कसा? कुणी म्हणालं नजर लागली. कुणी म्हणालं मुहूर्त चुकला.

"मिशीला लावायचं तेल चाकांना लावलंत," न्हावी वस्तरा पारजत म्हणाला. "आता हलू नका."

तो खरवडत होता आणि मी आठवत होतो. तिघी बसल्या होत्या ती चाकं एकदाही घसरली नव्हती. का, ते तेव्हाही सांगता आलं नसतं. पण दुसऱ्या दिवशी उघड्या ओठाने मी त्या वाडीवर गेलो. सासूबाई ओटीवर तांदूळ पाखडत होत्या.

"मावशी, पुढच्या साली आमच्या मडगार्डवर बसाल का?"

त्यांनी सूप खाली ठेवलं. माझं तोंड नीट न्याहाळलं.

"आदी मिशी तं उगू दे रं," म्हणाल्या. "मंग बगू."